आठ महिने डिजिटल काटा वापरल्यावर: आजेसासूबाईंच्या वहीतला शेर

पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल काटा दिवाळीच्या तोंडावर घेतला. घेतला केकसाठी, पण खरा कामी आला आजेसासूबाईंच्या वहीसाठी.

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. वहीत सगळी जुनी मापं: शेर, नवटाक, तोळे. शंकरपाळ्यांना लिहिलंय, मैदा अर्धा शेर, तूप पाच तोळे. तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे तूप 58 ग्रॅम. शेर मी 80 तोळ्यांचा, 933 ग्रॅमचा धरला आणि मैदा 466 ग्रॅम घेतला. शंकरपाळे कडक झाले, अगदी दातांची परीक्षा. मला काट्याचाच संशय आला. साखरेचं किलोचं पाकीट ठेवून पाहिलं, काटा बरोबर होता.

मग सासरे म्हणाले, "अगं, इथला मण वीस किलोचा." खरंच, गुजरातच्या मार्केट यार्डात आजही भाव वीस किलोच्या मणाला बोलतात. मणाचे शेर चाळीस, म्हणजे इथला शेर अर्ध्या किलोच्या आतबाहेरचा, 40 तोळ्यांचा! मैदा 233 ग्रॅम घेतला, तूप तेच 58. मोहन मैद्याच्या पाव हिश्श्याला आलं आणि तळताना पापुद्रे सुटले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

घरातल्या तीन वाट्याही पाणी भरून मोजल्या: 140, 165 आणि 190 ग्रॅम. आपण सगळ्यांना "एक वाटी"च म्हणतो. केकच्या कृतीतला अमेरिकन कप 240 मिलीचा, पण त्यात मैदा हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम, दाबून भरला तर 150च्या आसपास. केक बसायचा तो यामुळे.

खोडीही आहेत. सोडा किंवा वेलचीपूड चिमटीचिमटीने टाकली तर आकडा हलतच नाही, तिथे 5 मिलीचा चमचाच बरा. मिलीचं बटण सगळं पाणी समजून मोजतं. तेल हलकं, 100 मिली म्हणजे 92 ग्रॅम, म्हणून तेल मी ग्रॅममध्येच घेते. आणि दोन मिनिटं हात थांबला की काटा बंद, भांड्याचं वजन शून्य केलेलंही जातं. कणीक मळताना याचा फार त्रास होतो.

वहीत आता पेन्सिलीने ग्रॅम लिहितेय. अनारशांपाशी अडलेय, तिथे तांदूळ मापट्याने आहेत. मापटं माळ्यावर असेल म्हणतात. सापडलं की तांदूळ भरून काट्यावर ठेवणार.