कंबर धरलेल्याने कोणती क्रूझर घ्यावी? ॲव्हेंजर, मीटिऑर आणि सुपर मीटिऑर

शोरूममध्ये क्रूझरवर बसलं की कंबर सुखावते. सीट खाली, हँडल हाताशी, पाय पुढे सोडलेले. पण हे सुख उभ्या गाडीवरचं असतं. पाठीचं दुखणं असलेल्याने गाडी निवडताना सीटची उंची आणि गादीचा मऊपणा यांच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात: फूटरेस्ट कुठे आहेत, मागचा शॉकअप किती दबतो आणि खड्डा आला तर बूड सीटवरून उचलता येतं का.

पाय पुढे टाकले की गुडघे सरळ होतात आणि मांडीमागचे स्नायू ताणले जातात. हे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात, त्यामुळे ते माकडहाडाकडचा भाग पुढे ओढतात आणि कमरेचा आतला बाक सपाट होतो. मग भार जातो तो कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर, आणि स्लिप डिस्कचे बहुतेक रुग्ण नेमके याच दोन चकत्यांचे असतात. त्यात पाय पुढे असल्यामुळे त्यांच्यावर जोर देऊन उठताही येत नाही. फूटरेस्ट बुडाखाली असले तर रम्बलर (रस्त्यावरचे आडवे उंच पट्टे) दिसताच दोन बोटं उठता येतं आणि दणका गुडघे खातात. पाय पुढे असले की तोच दणका सरळ मणक्यात.

तिसरी अडचण बुटक्या सीटचीच. सीट खाली आणायची तर मागच्या शॉकअपला दबायला जागा कमी उरते. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर ६५० चं मागचं सस्पेन्शन १०१ मिलिमीटर दबतं, त्याच कंपनीच्या खडबडीत रस्त्यांसाठीच्या हिमालयन ४५० चं २००. म्हणून हायवेवर लोण्यासारखी चालणारी सुपर मीटिऑर गावातल्या गतिरोधकावर कंबरेला दणका देते. गाडीत दोष नाही, तिची रचनाच तशी आहे.

बुटक्या सीटचा खरा फायदा वेगळा आहे. ताठरलेल्या पाठीने ८०० मिलिमीटर उंच सीटवरून पाय टाकणं अवघड जातं, ७४० वर सोपं. दोन्ही टाचा टेकत असल्या तर पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना कमरेला पीळ पडत नाही. गाडी चालवताना नव्हे तर ढकलताना कंबर धरणारे पुष्कळ आहेत, म्हणून वजनाचा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आता गाड्या. बजाज ॲव्हेंजर क्रूझ २२० वजनाला १६३ किलो, सीट ७३७ मिलिमीटर. ढकलायला, वळवायला, पार्किंगमधून काढायला तिघींत सर्वांत सोपी. हँडल खूप मागे येतं, त्यामुळे बुटक्या माणसालाही खांदे पुढे ओढावे लागत नाहीत. पण पाय बऱ्यापैकी पुढे आणि इंजिन जुन्या वळणाचं. वेग वाढवला की थरथर फूटरेस्टमधून वर येते. ऐंशीच्या आत चालवणाऱ्याला ती जाणवेल न जाणवेल, रोज हायवेवर जाणाऱ्याला नक्की. स्पोक चाकांत ट्यूब आहे. पंक्चर झालं तर गाडी रस्त्याकडेला ढकलत नेणं आलं, आणि दुखऱ्या कमरेला नेमकं तेच नको असतं.

रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० मधली वाट धरते. सीट ७६५ मिलिमीटर, वजन १९१ किलो, पुढचा फोर्क १३० मिलिमीटर दबणारा, अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. पाय पुढे आहेत, पण ॲव्हेंजरइतके नाहीत. इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे साधारण नव्वदपर्यंत थरथर त्रास देत नाही. खटकते ती सीट. मागून खोलगट आहे, त्यामुळे बसण्याची जागा ठरून जाते आणि मागेपुढे सरकता येत नाही. दीड-दोन तासांनी माकडहाडाची तक्रार सुरू होते ती यामुळे. कंपनीच्याच ॲक्सेसरीतली टूरिंग सीट किंवा चांगल्या कुशनवाल्याकडून करून घेतलेलं काम, यापैकी एकाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरून चाला.

सुपर मीटिऑर ६५० ची जोडसिलिंडर मोटार तिघींत सर्वांत गुळगुळीत, आणि थरथरीने आखडणाऱ्या पाठीला ते मानवतं. पण वजन २४१ किलो. फूटरेस्ट पुढे आणि हँडलही थोडं लांब, त्यामुळे साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाची पाठ गोल होते. उंच आणि मुख्यतः हायवेवर जाणाऱ्याने हिचा विचार करावा. शहरात रोज वापरायची असेल तर नको. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ४० टक्के झाल्याने किमतीतलं अंतरही वाढलं आहे.

आमची निवड: पाठ दुखते पण चालता-फिरता येतं अशा माणसासाठी मीटिऑर, सीट बदलून. पायात कळ उतरत असेल तर क्रूझरचा हट्टच सोडावा आणि होंडा हायनेस सीबी३५० सारखी, सरळ बसवणारी आणि फूटरेस्ट बरेच मागे असलेली गाडी बघावी. सीट ८०० मिलिमीटर, वजन १८१ किलो. पाय टाकायला जमत असेल तर कमरेला ती जास्त मानवेल.

बसून बघण्याची रीत अशी. गाडी कुणाला तरी सरळ धरायला सांगा, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि एक तळवा कमरेच्या खोलगट भागावर. पाय ठेवताच खोलगटपणा नाहीसा झाला तर ती बैठक तुमची नाही. मग दोन्ही हात हँडलवर. कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. सरळ ताणले जात असतील तर हँडल रायझर (हँडल वर आणि मागे आणणारा जोड) लागेल. रायझर बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते बघा, आणि इंजिन चालू ठेवून वळवताना आरपीएम चढत नाही ना तेही. आरपीएम चढले तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे.

शॉकअपबद्दल सर्वांत मोठा गैरसमज: स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या पायऱ्यांपैकी सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला की गाडी मऊ राहते. नव्वद किलोच्या माणसाने असं केलं तर बसल्याबसल्याच शॉकअप अर्धा संपतो, खड्ड्यात तळाला आपटतो आणि पाठ मोडल्यासारखा दणका बसतो तो तिथूनच. मोजून बघा. मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या, मग हेल्मेट-जॅकेटसकट बसून पुन्हा घ्या. फरक एकूण दबण्याच्या पंचवीस ते तीस टक्के असावा, म्हणजे सुपर मीटिऑरला २५ ते ३० मिलिमीटर. जास्त आला तर सी-स्पॅनरने (शॉकअपची पायरी फिरवायचा आकड्यासारखा पाना) एक पायरी वर चढवा, कमी आला तर उतरवा. दोन्ही बाजूंची पायरी सारखीच हवी. मागे कुणी बसणार असेल तर चढवायची आणि तो उतरल्यावर परत खाली आणायची. बहुतेक जण विसरतात आणि एकटे असताना ठोकर खात फिरतात. टायरची हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पंपावर सवयीने चाळीस पीएसआय भरून घेतली की शॉकअपचा हिशोब वाया जातो.

सीटचं काम करून घेताना मऊ स्पंज मागू नका. तासाभरात तो दबतो आणि खालच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर बूड टेकतं. खाली घट्ट फोम, वर पातळ मऊ थर, आणि माकडहाडाच्या जागी थोडी खाच. मागच्या माणसाच्या बॅकरेस्टचा चालवणाऱ्याला उपयोग नाही. चालवणाऱ्यासाठी वेगळा बसवलात तर तो कमरेच्या बाकाला टेकावा. वर पाठीला टेकला तर उलट पुढे ढकलतो. पाय मोकळे करायला लेगगार्डवर टाकण्याची सवय आहे अनेकांना. त्याने कंबर आणखी सपाट होते, आणि धडक झाली तर पाय लेगगार्डसकट सापडतो. पाठीवरची सॅक मात्र पहिल्यांदा काढा, सामान सॅडलबॅगेत. मागच्या खिशातलं पाकीटही.

विंडशील्डचा फायदा मानेला आहे, पण काच हनुवटीच्या पातळीला संपत असेल तर वाऱ्याचा भोवरा थेट हेल्मेटवर येतो आणि मान जास्त दुखते. खांद्यापर्यंतची किंवा नजरेच्या किंचित खालची, यातली एक घ्या.

शोरूमची दहा मिनिटांची चक्कर कमरेला काहीच सांगत नाही. दुखणं बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने डोकं काढतं. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्यांत ॲव्हेंजर आणि मीटिऑर दोन्ही सापडतात. दिवसभरासाठी घ्या, दर तासाला पाच मिनिटं उतरून चाला, आणि गाडीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना लावा. पायाला मुंग्या, पाऊल उचलताना कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यातलं काही दिसलं तर गाडीचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.