अकरा महिने, एक रोटाव्हेटर आणि एक काळंनिळं नख

अंगठ्याचं नख आता पूर्ण आलंय, म्हणून लिहायला बसलो. खरं तर चौथ्या महिन्यातच लिहिणार होतो. पण तेव्हा लिहिलं असतं तर निम्म्या शिव्याच झाल्या असत्या, आणि त्यातल्याही निम्म्या चुकीच्या माणसाला.

२४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर, फोर व्हील ड्राइव्ह, पुढे लोडर (माती-खत उचलायची बकेट), मागे चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार). इंजिन, डिझेल, गिअर यांवर वाचायला भरपूर मिळतं, त्यात मी भर घालत नाही. ट्रॅक्टर चांगला आहे. मला बोलायचंय ते अवजार सोडणं, ठेवणं आणि परत जोडणं यावर. घेताना हे कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. छोटा ट्रॅक्टर आपण घेतो तो एकाच यंत्राकडून चार कामं काढून घ्यायला. म्हणजे अवजारं बदलणं आलंच, आणि दर बदलाला कंबर मोडणार असेल तर माणूस काय करतो? एकदा जोडलेलं काढतच नाही. पहिले दोन महिने मीही तेच केलं. रोटाव्हेटर मागे लटकवूनच सगळीकडे हिंडलो.

डिलिव्हरीच्या दिवशी मेकॅनिकने पाच मिनिटांत जोडून दाखवलं होतं. ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरकडे नेणारा शाफ्ट बसवताना त्याने हातोड्याचे दोन टोले घातले. "नवीन आहे, जरा टाइट असतं," म्हणाला. मला पटलं. हे दोन टोले लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मी एकट्याने पहिल्यांदा जोडलं तेव्हा पन्नास मिनिटं गेली. लोअर लिंक (अवजार खालून धरणारे दोन दांडे) आणि टॉप लिंक (वरचा एक दांडा) यांचा त्रास नव्हता, ते क्रमाने होतं. आधी डावी लोअर लिंक, कारण तिची उंची आपल्याला सहज बदलता येत नाही. मग उजवी, तिच्यावरचा हँडल फिरवून वर-खाली करता येते. शेवटी टॉप लिंक, ती स्क्रूने लांब-आखूड होते. सोडताना बरोबर उलट. ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना दोन इंच इकडेतिकडे झालं तर पहारीने अवजार सरकवता येतं. या तीन बिंदूंच्या जोडणीचं पेटंट हॅरी फर्ग्युसनला १९२६ साली मिळालं, आणि नांगर अडकून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका त्याने बराच कमी केला. शेतकऱ्याच्या कमरेचा विचार करायला मात्र त्याला वेळ झाला नसावा.

पन्नासातली पस्तीस मिनिटं खाल्ली ती पीटीओ शाफ्टच्या पिनेने. पीटीओ म्हणजे अवजाराला ताकद देणारं, ट्रॅक्टरच्या मागचं फिरतं टोक. वाटाण्याएवढी स्प्रिंगची पिन. ती दाबून धरली की शाफ्टचं टोक पीटीओवर सरकतं, आणि जागेवर बसलं की पिन टक्कन बाहेर येते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मोठ्या ट्रॅक्टरला मागे माणूस वाकून बसू शकतो, छोट्याला दोन लोअर लिंकच्या मध्ये जेमतेम खांदा जातो. एका हाताने शाफ्ट उचलून धरायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पिन दाबायची, आणि खाचेत खाच बसण्यासाठी तो फिरवायचा तिसऱ्या हाताने. सहाच खाचा आहेत, म्हणजे फार तर ६० अंशांच्या आत कुठेतरी जुळायलाच हवं. मी कुशीवर पडून चांगला अर्धा फेरा फिरवला तरी जुळेना. दहाव्या प्रयत्नात शाफ्ट निसटला आणि त्याच्या आणि लिंकच्या मध्ये अंगठा सापडला.

पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला होता का, असं विचाराल तर नव्हता. पीटीओ ५४० वर (मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गिअरमध्ये) टाकलेला होता, त्यामुळे ट्रॅक्टरकडचं टोक हाताने हलतच नव्हतं. ही चूक माझी. इंजिन बंद, चावी खिशात आणि पीटीओ न्यूट्रल, यानंतरच खाली वाकायचं. हे आता मी तोंडाने म्हणून घेतो.

त्याच सुमारास एक प्रसंग झाला, त्यानंतर मदतीला माणूस घेणं मी बंद केलं. धाकटा भाऊ रोटाव्हेटरपाशी उभा राहून "ये, ये, अजून ये" करत होता आणि मी रिव्हर्स घेत होतो. क्लचवरून पाय घसरला. ट्रॅक्टर फूटभरच मागे गेला, पण तो उभा होता ती जागा तेवढ्यात संपली. तो बाजूला उडी मारून वाचला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. तुमच्याकडे दहा माणसं असली तरी ट्रॅक्टर हलत असताना अवजार आणि टायर यांच्या मध्ये एकही नको. मागे घ्या, इंजिन बंद करा, उतरून बघा, चार इंच चुकलं असेल तर परत चढा. वेळ लागतो, लागू दे.

चौथ्या महिन्यात रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समधून, शाफ्ट जिथे आत जातो तिथून, ऑइल गळायला लागलं. सर्व्हिसला फोन केला. पहिलं उत्तर, "तुम्ही जोडताना ठोकलं असेल." दुसरं, "हे वॉरंटीत येत नाही." तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. मी घरात येरझाऱ्या घालत जे बोललो ते इथे लिहीत नाही. पंधरा दिवस मशीन उभं. शेवटी मी समक्ष जाऊन बसलो आणि जेवणाच्या सुट्टीतही उठलो नाही, तेव्हा त्यांनी एक वयस्कर मेकॅनिक पाठवला.

त्याने आल्याबरोबर काय केलं? शाफ्टला हातही न लावता टेप काढली. रोटाव्हेटर लिफ्टवर थोडा थोडा वर-खाली करायला लावला आणि ट्रॅक्टरचं पीटीओ नि गिअरबॉक्सचं टोक एका सरळ रेषेत आल्यावर थांबवला. या जागी दोन्ही टोकांतलं अंतर सगळ्यांत कमी असतं. तिथे शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण दाबल्या तरी किमान इंचभर जागा शिल्लक राहायला पाहिजे. माझ्याकडे शिल्लक काहीच नव्हतं. उलट शाफ्टच लांब होता. म्हणजे रोटाव्हेटर वर उचलताना दरवेळी तो दोन्ही टोकांना पहारीसारखा ढकलत होता, एकीकडे ट्रॅक्टरचं बेअरिंग, दुसरीकडे गिअरबॉक्सचं सील. डिलिव्हरीच्या दिवशीचे ते दोन टोले याचेच. शाफ्ट टाइट नव्हता, कापायचा राहिला होता.

त्याने आतली नळी, बाहेरची नळी आणि वरचं प्लॅस्टिक कव्हर सगळं सारखंच कापलं, कडा कानशीने घासल्या, आणि सगळ्यांत लांब स्थितीत नळ्या एकमेकींत एक तृतीयांश तरी शिल्लक राहतात ना, तेही मोजून दाखवलं. सील बदललं. पैसे घेतले नाहीत. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, "आधी कव्हरच्या साखळ्या बांधा." ती कव्हरं फिरू नयेत म्हणून साखळ्या दिलेल्या असतात, आणि माझ्या चार महिने लोंबकळत होत्या.

तेव्हा मी ठरवलं होतं की सगळा दोष डीलरचा. पण शाफ्ट कापल्यावरही पिन अडकायचीच. आधी वाटलं, पिनच निकृष्ट आहे. दोनदा नवीन आणायला निघालोही. मग एकदा वैतागून ते टोक डिझेलमध्ये धुतलं, तर पिनेच्या भोकातून वाळलेला चिखल निघाला, चांगला चिमूटभर. हा चिखल माझा होता. रोटाव्हेटर सोडल्यावर मी शाफ्ट जमिनीवर टेकवून द्यायचो आणि तीन आठवडे तिकडे बघायचो नाही. वर पिनेला भरपूर ग्रीस लावायचो, कारण ग्रीस लावलं की काळजी घेतल्यासारखं वाटतं. ग्रीस धूळ धरतं आणि पिन गच्च होते. आता खाचांना ग्रीसचा पातळ हात आणि पिनेला पातळ तेलाचे दोन थेंब. शाफ्ट अवजाराच्याच फ्रेमवर आकड्यात अडकवलेला, टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. एवढ्यावर पस्तीस मिनिटांची दोन मिनिटं झाली. शाफ्ट बसल्यावर एकदा मागे ओढून बघायचा, नुसत्या टक् आवाजावर भरवसा ठेवायचा नाही.

तेव्हापासून मी जोडण्यापेक्षा ठेवण्याकडे जास्त लक्ष देतो. मऊ मातीवर ठेवलेला रोटाव्हेटर पाती रुतवत बसतो आणि एका बाजूला कलतो. माझा एकदा पावसानंतर डाव्या बाजूला दोन इंच खाली गेला होता, आणि डाव्या लिंकची उंची तर बदलत नाही. तो जॅकने उचलण्यात एक सकाळ गेली. आता खाली काँक्रीट, त्यावर लाकडी ठोकळे, आणि सोडण्याआधी उजवा हँडल फिरवून अवजार सपाट केलेलं. ज्या उंचीवर सोडलं त्याच उंचीवर ते परत भेटतं.

एक गाडाही केला, जुन्या लोखंडी पलंगाच्या अँगलचा. रोटाव्हेटर साधारण अडीचशे किलो. चार चाकं लावायची तर प्रत्येकावर साठ-पासष्ट किलो, असा हिशेब मी केला होता. वेल्डरने हसून तीन चाकांवर धरायला सांगितलं, कारण जमीन जराशी वरखाली असली तरी एक चाक हवेत असतं. त्याचं ऐकलं. शेडमध्ये आता एका हाताने ढकलतो. मातीवर मात्र हा गाडा शून्य, चाकं रुततात.

पैसे वाचवण्याच्या नादात एक चूक केली तीही सांगतो. जुना लेव्हलर (जमीन सपाट करायचं अवजार) स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणला. त्याच्या खालच्या पिना २८ मिमीच्या, माझ्या लिंकची भोकं २२ मिमीच्या पिनांसाठी. उलटं असतं तर मध्ये बुश (जाडी भरून काढणारी नळी) घालून भागलं असतं. पिना बदलून घ्याव्या लागल्या, स्वस्त काही राहिलं नाही. जुनं अवजार घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा.

लोडरबद्दल थोडक्यात, कारण त्याने मला चकित केलं. सगळ्यांत अवघड तोच वाटला होता, निघाला सगळ्यांत सोपा. बकेट सपाट जमिनीवर टेकवायची, स्टँड पाडायचे, दोन पिना काढायच्या, आणि हायड्रॉलिकनेच लोडरला फ्रेममधून हळू वर निघू द्यायचं. मग इंजिन बंद करून लिव्हर चारही दिशांना हलवायचा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो, आणि मगच चार पाइप सोडायचे. हे विसरलात, किंवा लोडर उन्हात ठेवलात, तर आतलं ऑइल तापून फुगतं आणि कपलिंग परत बसता बसत नाही. एकदा दुपारी अर्धा तास झगडलो, संध्याकाळी थंड झाल्यावर दाबल्याबरोबर बसलं. कोणी नट सैल करून दाब सोडायला सांगेल, तसं करू नका, आणि गळती बोटाने तर कधीच शोधू नका. दाबाखालचं ऑइल कातडीतून आत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. पाइपांना चार रंगांची टेप लावा, उलटसुलट जोडले की बकेट उलटी चालते. आणि लोडर चालवताना मागचा रोटाव्हेटर काढलेला असेल तर तिथे दुसरं वजन लावा. भरलेल्या बकेटीबरोबर मागची चाकं हलकी होतात, ते सीटवर बसूनही जाणवतं.

क्विक हिच, म्हणजे अवजार पटकन अडकवायची हुकांची चौकट, घ्या असं खूप जणांनी सांगितलं. सीटवरून न उतरता तिन्ही हुक अडकतात. मी बघून आलो आणि परत आलो. ती मध्ये बसते, त्यामुळे अवजार तीन-चार इंच मागे जातं. त्याने लिफ्टवरचा भार वाढतो आणि शाफ्टची लांबी परत मोजावी लागते. त्या म्हाताऱ्या मेकॅनिकने इतकं मोजून कापलेला शाफ्ट मी पुन्हा बिघडवणार नाही. शिवाय वरचा हुक आणि खालचे हुक यांतलं अंतर १५ इंच ठरलेलं, माझा लेव्हलर त्यात बसत नाही. आणि शेवटी शाफ्ट जोडायला उतरावं लागतंच! तीच पिन, तोच अंगठा. महिन्यातून चार वेळा अवजार बदलणाऱ्याला एवढा खर्च कशाला? रोज बदलत असाल तर वेगळी गोष्ट.

तर ट्रॅक्टरला साडेचार तारे, रोटाव्हेटरला चार, सर्व्हिसला दीड, तोही त्या एका माणसामुळे. पिनेला चौथ्या महिन्यात शून्य दिला होता, आता तीन करतो.

परवा रोटाव्हेटर एकट्याने नऊ मिनिटांत जोडला. त्यात दोन मिनिटं लिंच पिना (जोडणी निसटू नये म्हणून लावायच्या छोट्या पिना) शोधण्यात गेली. दर वेळी दोन कमी पडतात, म्हणून मी डझनभर आणून ठेवल्या, त्याही संपत आल्यात. संध्याकाळी हिने धुतलेल्या शर्टाच्या खिशातून तीन काढून टेबलावर एका ओळीत मांडल्या आणि काही न बोलता आत गेली.