ईव्हीसाठी जनरेटर घेताय? आधी घरचा मेन स्विच पाडा, मग डेमो बघा

नागपूरचे बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडचे जे कोणी ईव्हीवाले आहेत त्यांनी हे वाचाच. ७०,५०० रुपये गेले माझे. जनरेटरचे ५८,०००, 'ईव्ही बॉक्स' (जनरेटर आणि चार्जरच्या मधात लावायचा डबा) म्हणून ९,५००, फिटिंगचे ३,०००. १५,००० यूपीआयने दिले, बाकी ५५,५०० कॅश, कारण विकणारा म्हणे पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, नंबर बंद, गोडाऊनला कुलूप.

आता कोणी म्हणेल ईव्ही घेतली आणि जनरेटर कायले पाहिजे. तर बाप्पा, नवतपात (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) वादळ आलं की आमच्याकडची लाईन रात्र-रात्र जाते आणि बायकोला सकाळी बुटीबोरीला ड्युटी असते. आणि डोळे मिटून नाही घेतला मी, हिशोब केला होता. १५ अँपियरच्या सॉकेटवरचा चार्जर ३.३ किलोवॅटच्या आसपास ओढतो, ५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टर धरला तरी (म्हणजे केव्हीएच्या ८० टक्के किलोवॅट) ४ किलोवॅट देतो. बसते की नाही? प्लेटवर ५ केव्हीए छापलेलं होतं ना!

डेमोच्या वेळी पार्किंगमध्ये सेट धडधडत होता, चार्जरचा हिरवा लाईट लागला, गाडीत चार्जिंग दिसलं, विकणाऱ्याचा पोरगा फोटो काढून राहिला होता. आणि माझ्या खांद्याजवळ भिंतीवरच्या मीटरचा लाल दिवा टकटक टकटक, दोन एसी लावल्यावर लुकलुकतो तसा. म्हणजे गाडीत घरचाच करंट जात होता! बॉक्समधला चेंजओव्हर (लाईन की जनरेटर हे निवडायचा स्विच) लाईनवर ठेवला होता त्यानं, जनरेटर नुसता रिकामा ओरडत होता. लोड पडला की इंजिन दबते, आवाज बदलतो, इथे आवाज तसाच. पण ४५ डिग्रीत एक माणूस कानाशी सारखा बडबडत असताना कोण ऐकते? दिवा तर मला दिसलाही होता, हेच डोक्यात जाते. वाटलं कूलरचा लोड असेल. कूलर केवढा खातो, २०० वॅट!

मग खरंच लाईन गेली त्या रात्री चालू केला, हिरवा लाईट लागला, दोन-चार सेकंदात इंजिन कण्हलं आणि बंद. ओळखीच्या मिस्त्रीनं प्लेट नखानं खरवडली, स्टिकर निघालं, खाली २.१ केव्हीए. (प्लेट खरवडून बघा, लाज बाळगू नका.) ९,५०० चा बॉक्स उघडला तर आत एक चेंजओव्हर, एक एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) आणि अर्थिंग-न्यूट्रल जोडणारा वायरचा तुकडा. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थला जोडलेला नसतो, म्हणून चार्जर लाल लाईट दाखवून नकार देतो, त्याला उल्लू बनवायला तो तुकडा. लाईनवर असताना न्यूट्रल तुटला तर गाडीची बॉडी लाईव्ह! हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून, जनरेटरपाशी, अर्थ रॉड ठोकून करायचं असते.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणे हा दिवाणी मामला, ग्राहकवाल्यांकडे जा. तिथे म्हणे बिल आणा. बिल असतं तर रडलो असतो का? बँकेत गेलो, म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, फ्रॉड कसा? पुन्हा ठाण्यात, तर म्हणे आरोपीचा पत्ता द्या. म्हणजे चोर मीच शोधून आणू, हातकडीही घरून नेऊ? एक हवालदार तर हसत म्हणाला, "इलेक्ट्रिक गाडीले पेट्रोल पाजता का भाऊ?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

हो, पेट्रोलचंही ऐका. असा छोटा सेट लिटरमागे जेमतेम दोन युनिट देतो, म्हणजे पन्नास रुपयांच्या वर एक युनिट. हे विकणारा कधीच सांगत नाही.

डेमो घ्याल तर मेन पाडून, आणि पूर्ण लोडवर तासभर. पैसे सगळे यूपीआयने, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, मी यूपीआयची पावती आणि त्या स्टिकरचा फोटो जोडून टाकतोय. 'ईव्ही बॉक्स' ९,५०० ला आणखी कोणाच्या गळ्यात मारला असेल तर फेकू नका, तसाच ठेवा आणि मला कळवा, सोबत तक्रार करू.