मधमाश्यांची ‘नवी राणी’ विकणाऱ्यापासून सावध राहा

अंबड तालुक्यातील आमच्या घराच्या परसात, शेवग्याखाली पालथ्या पडलेल्या जुन्या रांजणात सातेरी माश्यांनी, म्हणजे पोकळीत पोळी बांधणाऱ्या देशी मधमाश्यांनी, घर केले होते. शेजारची लहान मुले तिथेच खेळत असल्याने माश्यांना इजा न करता त्यांना पेटीत घालून दुसरीकडे हलवावे, एवढीच आमची इच्छा होती. मोबाइलवरील जाहिरातीतून एक गृहस्थ मिळाले. आपण प्रशिक्षित मधपाळ असल्याचे सांगून त्यांनी पेटी आणि मजुरीचे चार हजार रुपये आगाऊ घेतले.

ते भर दुपारी आले, म्हणजे निम्म्या माश्या चाऱ्यासाठी बाहेर असताना. त्यांनी धूर करून सगळी पोळी कापली, मधाची पोळी स्वतःच्या बादलीत टाकली, अंडी-पिल्लांची पोळी ‘खराब’ म्हणून पोत्यात भरली आणि उरलेल्या माश्यांपैकी थोड्या पेटीत झटकल्या. मग म्हणाले, “काका, राणी दबून मेली. नवी टाकावी लागंल, नाही तर पेटी बसायची नाही.” त्या ‘राणी’चे आणखी दोन हजार घेऊन त्यांनी काडेपेटीतून एक जाड, काळी माशी पेटीत सोडली.

संध्याकाळी चारा घेऊन परतलेल्या माश्या रिकाम्या रांजणाभोवती घोंघावत राहिल्या, आणि त्यांचे काय झाले असेल या विचाराने आजही मन अस्वस्थ होते. पेटीही हळूहळू ओस पडली. कांदा बीजोत्पादनासाठी मधपेट्या ठेवणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याने ती उघडून पाहिली, तेव्हा विकलेली राणी हा चक्क नर निघाला: डोळे मोठे, पोट बोथट, नांगी नाही. राणीचे पोट लांब आणि निमुळते असते. त्यांनी आणखी सांगितले ते फार महत्त्वाचे आहे. राणी खरोखर मेली, तरी ताज्या अंड्यांची पोळी पेटीत असतील तर कामकरी माश्या त्यातूनच नवी राणी घडवतात; म्हणजे आमच्याकडची पोळी पोत्यात भरतानाच त्या वसाहतीचा उरलासुरला आधार तोडला गेला होता.

जाणकार माणूस पिल्लांची पोळी चौकटींना सुती दोऱ्याने बांधतो, राणी शोधून आधी पेटीत घेतो, पेटी अंधार पडेपर्यंत मूळ जागीच ठेवतो आणि सगळ्या माश्या आत आल्यावरच रात्री हलवतो. हे काम डोळ्यांसमोर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. आग्या किंवा फुलोरी माश्यांचे पोळे पेटीत बसवून देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे, कारण उघड्यावर एकच पोळे बांधणाऱ्या या माश्या पेटीत नांदत नाहीत.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून ऑनलाइन पाठवलेल्या रकमेचा तपशील दिला आहे. त्या गृहस्थांचा फोन बंद आहे, मात्र तेच आता परतूर, मंठा भागात रोख पैसे घेऊन फिरत असल्याचे कानावर आले आहे.