बाहेरून न दिसणारे कुलूप: गोदरेज ट्रायबोल्टचे परीक्षण

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर एक वाक्य हमखास छापून येते: बंद सदनिकेच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लंपास केला. या वाक्यात कुलूप तोडल्याचा उल्लेख अनेकदा नसतोच. कुलूप कितीही भारी असले तरी ते ज्या कोयंड्यात अडकवायचे तो दोन-चार आखूड स्क्रूंच्या भरवशावर असतो, आणि कटावणीचा जोर त्या स्क्रूंवरच येतो. आमच्या ठाण्यातील जुन्या सोसायटीतल्या सदनिकेला गावाला जाताना बाहेरून गोदरेजचे नवताल हे लटकते कुलूप लावण्याचीच रीत होती. ती मोडून आम्ही दाराच्या आतल्या अंगाला बसणारे गोदरेजचे ट्रायबोल्ट कुलूप घेतले. हे परीक्षण प्रामुख्याने त्याच कुलपाचे आहे.

नवतालाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. आर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली लालबागेत कुलपे बनवण्यास आरंभ केला, तेव्हापासून या नावावर महाराष्ट्राचा जो विश्वास बसला आहे तो अनाठायी नाही. परंतु दाराबाहेर लटकणारे कोणतेही कुलूप आपण घरी नसल्याची पाटीच लावत असते. जिन्याने वरखाली करणाऱ्या कुणालाही एका नजरेत समजते की आत माणूस नाही. ट्रायबोल्टचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण हाच, की बाहेरून केवळ किल्लीचे छिद्र दिसते. घरातली माणसे झोपली आहेत की गोव्याला गेली आहेत, हे त्यावरून ताडता येत नाही.

नावाप्रमाणे या कुलपातून तीन दांडे निघून चौकटीवरच्या खोबणीत शिरतात. साध्या लॅचची जीभ स्प्रिंगवर चालते आणि तिचे टोक तिरपे असते. त्यामुळे दार नुसते ओढून घेतले असेल तर फटीतून पातळ, लवचिक पट्टी सरकवून ती जीभ मागे ढकलता येते. घाईत निघताना लॅचला किल्लीने दुसरा फेरा द्यायचा राहून जातो, आणि चोराला तेवढेच पुरते. ट्रायबोल्टचे दांडे किल्ली फिरवल्याशिवाय बाहेरही येत नाहीत आणि आतही जात नाहीत. म्हणजे दार नुसते ओढून निघून जाण्याची सोयच नाही. रोजच्या वापरात याचा थोडा जाच होतो, पण लांबच्या प्रवासाला निघताना हाच जाच उपयोगी पडतो. किल्लीला नेहमीचे दाते नसून तिच्या सपाट पृष्ठभागावर खळगे आहेत. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे उभ्याउभ्या तिची नक्कल होत नाही, हे मी तिच्या जमेच्या बाजूलाच धरतो.

खरेदी करताना एका निवडीवर मात्र नीट विचार करावा. एका प्रकारात आतून फिरवायची मूठ असते. दुसऱ्या प्रकारात आतूनही किल्लीच लागते. घर बंद असताना दुसरा प्रकार सरस ठरतो, कारण गच्चीतून किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरलेल्या माणसाला मोठ्या वस्तू घेऊन मुख्य दाराने आरामात बाहेर पडता येत नाही. परंतु घरात माणसे असताना, विशेषतः वृद्ध आईवडील आणि मुले असताना, आग लागली किंवा गॅस गळू लागला तर अंधारात किल्ली शोधत बसणे जिवावर बेतू शकते. आम्ही मुठीचा प्रकार घेतला आणि खिडक्यांच्या ग्रिलची डागडुजी करून घेतली. वर्षातले फार थोडे दिवस घर बंद असते, बाकीचे सर्व दिवस त्यात माणसे राहतात, हा हिशेब मला निर्णायक वाटला.

कुलपाची खरी परीक्षा सुताराच्या हातात असते. दांडे ज्या खोबणीत शिरतात तिचा पत्रा चौकटीवर आखूड स्क्रूंनी बसवला, तर कटावणीपुढे कुलपाची किंमत शून्य होते. आम्ही सुताराला तीन इंची स्क्रू वापरायला लावले. त्याने कुरकुर केली, पण जुन्या सागवानी चौकटीने ते घट्ट धरले. चौकट वाळवीने पोखरलेली असेल किंवा दार पोकळ फ्लशचे असेल, तर आधी त्यावर खर्च करावा आणि मगच कुलपाच्या दुकानात जावे.

कुलपासोबत एक वायफाय कॅमेराही घेतला होता. त्याचे नाव घेत नाही. दिवसा चित्र उत्तम दिसते, पण रात्री त्याच्याभोवती किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि मध्यरात्री फोनवर हालचालीची सूचना वाजत राहते. शिवाय वीज गेली की राउटर बंद पडतो आणि कॅमेरा मुका होतो. राउटरला छोटा यूपीएस जोडेपर्यंत त्याचा भरवसा नव्हता. चित्रण कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर साठत असेल तर चोर कॅमेऱ्यासह पुरावाही घेऊन जाईल, म्हणून ते इंटरनेटवर साठवण्याची व्यवस्था असलेलाच घ्यावा. तरीही कॅमेरा चोरी पाहतो, थांबवत नाही. रत्नागिरीत बसून ठाण्यातला चोर फोनवर पाहण्यापेक्षा शेजाऱ्यांचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक फोनमध्ये असणे अधिक मोलाचे आहे.

बाहेरून न दिसणाऱ्या कुलपाचा लाभ टिकवायचा तर दारासमोरच्या इतर खुणाही आवराव्या लागतात. ग्रिलमध्ये अडकलेली चार दिवसांची वर्तमानपत्रे आणि पायपुसण्यावर पडलेले कुरिअर तेच सांगतात जे नवताल सांगत असे. दूध आणि पेपर बंद करायला सांगणे म्हणजे आपल्या तारखा आणखी दोघांना कळवणे होय. शेजारच्या काकूंनी सर्व उचलून आत ठेवले तर ते बरे, आणि त्यांच्याकडे दुसरी किल्ली असावी. संध्याकाळी दिवाणखान्यातला दिवा आपोआप लागावा म्हणून विजेच्या दुकानात मिळणारा साधा टायमर पुरेसा आहे.

कुलूप उत्तम असले तरी दागिने घरात ठेवून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेच्या लॉकरमधून चोरी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. मोठ्या ऐवजाला ही रक्कम अपुरी पडू शकते, पण कपाटातल्या तिजोरीमागे तेवढेही कुणी उभे नसते. घराचा विमा असल्यास घरफोडीचे कलम जाण्यापूर्वी वाचून घ्यावे. घर सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहिल्यास भरपाई नाकारण्याची अट पुष्कळ पॉलिसींत असते, आणि मुलांकडे अमेरिकेत किंवा दुबईत महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना ती नेमकी लागू पडते. अशा मुक्कामासाठी विमा कंपनीला आधी लेखी कळवून तिची संमती घ्यावी.

ट्रायबोल्टला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण कापला तो सोबत मिळालेल्या स्क्रूंसाठी.