‘द ब्लॉक’: खरी गंमत लिलावात

ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनवर २००३ साली सुरू झालेला ‘द ब्लॉक’ हा घरं नव्याने सजवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम आमच्या मेलबर्नच्या घरात सासूबाईंमुळे आला. जोड्यांना एकेक घर मिळतं, दर आठवड्याला एखाददुसरी खोली पूर्ण करायची, रविवारी परीक्षक गुण देणार आणि शेवटी लिलाव. राखीव किमतीच्या (लिलावाआधी ठरलेल्या किमान किमतीच्या) वर मिळेल तो नफा जोडीचा.

बाथरूमचा आठवडा अजिबात चुकवू नका. वॉटरप्रूफिंग वाळल्याशिवाय फरशी बसत नाही, त्यामुळे पैसेवाले आणि कडके सगळे सारखेच हातावर हात धरून बसतात. परीक्षकांपैकी शेना ब्लेझ मला आवडते; साठवणीला जागा नसेल तर ती सरळ सुनावते. बाकीचे नळाच्या रंगावरच फार रेंगाळतात. ओट्यामागे दुसरं छोटं स्वयंपाकघर दिसलं की सासूबाई विचारतात, “मग बाहेरचा ओटा काय नुसता पुसायला?” मला तरी उत्तर सुचलेलं नाही.

भांडणं मात्र ओढूनताणून लांबवतात. जाहिरातींबद्दल न बोललेलंच बरं!

लिलावात पोटात गोळा येतो. २०२२च्या पर्वात, मेलबर्नजवळच्या गिसबर्न गावात, ओमर-ऑझ जोडीला १५ लाख डॉलरच्या वर नफा झाला, आणि त्याच रस्त्यावरची दोन घरं लिलावात विकलीच गेली नाहीत. इतके महिने राबून हातात काय, तर नशीब. हे मला पटत नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सासूबाईंच्या शेऱ्यांचा.