पाण्यात बुडालेली ई-ट्रॉन आमच्या दादाला विकली

पांढरकवड्याला राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला मुंबईच्या एका एजंटाने पुराच्या पाण्यात गेलेली गाडी विकली. ऑडी ई-ट्रॉन, बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी, 2021 ची, भारतात आलेल्या पहिल्या लॉटमधली. तेव्हा शोरूमची किंमत 99.99 लाखांपासून सुरू व्हायची. दादाला निम्म्याहून कमीत पडली. असे एजंट आता आपल्याकडे गावोगाव फिरतायत, म्हणून लिहितोय.

त्याचा सगळा जोर वॉरंटीवर. "बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आहे भाऊ, कसलं टेन्शन?" वॉरंटी तेवढी असते, हे खरंच. पण पाणी शिरलेल्या बॅटरीला ती लागू होत नाही, हे त्याने दडवलं. दादाने व्हॉट्सअॅपवर सरळ विचारलं होतं, "पाण्यात गेलती का?" उत्तर आलं, "एक थेंबही नाही."

कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आतल्या आत गंज धरत राहतं आणि तोवर गाडी मस्त पळते. मग एके सकाळी स्क्रीनवर लाल इशारा, चार्जिंग बंद. टोइंग करून नागपूरला नेली. मेकॅनिकने पायाखालचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, कनेक्टर हिरवे पडलेले. जुन्या विमा कंपनीकडे चौकशी केली तेव्हा कळलं, गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी ठरून भंगार म्हणून लिलावात गेली होती.

पैसे गेले ते गेलेच, पण मला वेगळीच धडकी भरते. 2022 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळ आलं, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला. आमची गाडी रात्रभर चार्जिंगला लागायची त्या शेडच्या भिंतीपलीकडे आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. त्याच घरात लेकरं झोपायची.

टोकन देण्याआधी चेसिस नंबर सर्व्हिस सेंटरला द्या आणि वॉरंटी चालू असल्याचं लेखी घ्या. मागच्या सगळ्या विमा पॉलिसी मागा, क्लेम विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग राहतो. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. कार्पेट उचलू देत नसेल तर उठून या.

एजंटाचा फोन बंद आहे. दादाने यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो तिथेच करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत 2 वर्षांची. ग्राहक हेल्पलाइन 1915. "एक थेंबही नाही" हा मेसेज तक्रारीला जोडलाय.